कोठारातले बी

नव्या बँडची पहिली रेकॉर्ड ऐकून ‘ही पोरे पुढे जाणार’ असे कुणी म्हणते, तेव्हा ते नेमके कशाबद्दल बोलत असते? वरवर पाहता हे भविष्याबद्दलचे विधान आहे. तसे असेल तर त्याचा निकाल भविष्याने लावायचा. पोरे पुढे गेली तर विधान खरे, बँड वर्षभरात फुटला आणि गिटार माळ्यावर गेली तर खोटे. पण बोलणाऱ्याला हा हिशेब मान्य होत नाही. बँड फुटला तरी ‘त्यांच्यात काहीतरी होते’ असे तो म्हणतच राहतो, आणि हे म्हणताना तो भूतकाळाबद्दल बोलतो, न घडलेल्या भविष्याबद्दल नव्हे. म्हणजे त्याला त्या रेकॉर्डमध्ये तेव्हाच, तिथेच काहीतरी ऐकू आले होते. ते काय होते? जे अजून घडलेले नाही ते आज ऐकू कसे येईल? आणि जे कधी घडलेच नाही ते तिथे होते असे म्हणायला आधार कोणता? रॉकच्या निमित्ताने विचारलेला हा प्रश्न भारतीय दर्शनांत दीड-दोन हजार वर्षे चर्चिला गेला आहे. कारणात सामर्थ्य असते म्हणजे काय असते, आणि कार्य झालेच नाही तर ते सामर्थ्य होते असे म्हणता येते का, हा तो प्रश्न. माझे म्हणणे असे की पहिल्या रेकॉर्डमध्ये ऐकू येणारी आशा म्हणजे भाकीत नव्हे. ती हजर असलेल्या सामर्थ्याची ओळख असते. पुढे यश आले म्हणून ती खरी ठरत नाही आणि अपयश आले म्हणून खोटीही ठरत नाही.

हे म्हणणे घासूनपुसून पाहायला एक अवघड उदाहरण हवे, आणि ते अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात सापडते. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हे तीन हॅकनी बंधू. कृष्णवर्णीय कुटुंबातली ही मुले 1970च्या दशकाच्या सुरुवातीला फंक वाजवत होती. पुढे ती रॉककडे वळली. डेव्हिडच्या हाती गिटार, बॉबीकडे बास आणि गायन, डॅनिसकडे ड्रम. वडिलांच्या अपघाती मृत्यूनंतर डेव्हिडच्या डोक्यात एक कल्पना घट्ट रुजली. मृत्यू हा शेवट नसून प्रवासातला एक टप्पा आहे, तेव्हा त्या शब्दातली भीती काढून घ्यायची. म्हणून त्याने बँडचे नाव ठेवले ‘डेथ’. 1975मध्ये त्यांनी डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. बेत बारा गाण्यांचा होता, झाली सात. एका बड्या रेकॉर्ड कंपनीने रस दाखवला होता. अट एकच, नाव बदला. डेव्हिडने नकार दिला आणि बोलणी तिथेच संपली. 1976मध्ये भावांनी स्वतःच्या पैशाने दोन गाण्यांची एक छोटी तबकडी काढली. प्रती पाचशे. ती कुणी फारशी वाजवली नाही. पुढे भाऊ व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टनला गेले, ‘द फोर्थ मूव्हमेंट’ या नव्या नावाने ख्रिस्ती भक्तिगीतांचे रॉक वाजवू लागले. त्यानंतर डेव्हिड डेट्रॉइटला परतला, आणि उरलेल्या दोघांनी रेगे वाजवणारा बँड काढला. डेव्हिड 2000 साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. जाण्यापूर्वी त्याने मूळ टेपा भावाच्या हवाली केल्या आणि एक दिवस जग या शोधत येईल असे बजावले, असे त्याचे भाऊ सांगतात.

जग आले. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या वर्तुळात त्या पाचशे प्रतींपैकी काही फिरत होत्या, त्यांना शेकड्यांनी डॉलर मोजले जात होते. तिथून गाणी इंटरनेटवर पोचली. बॉबीच्या मुलाने ती बर्लिंग्टनपासून दूर, कॅलिफोर्नियात ऐकली, आणि आवाज वडिलांचा असल्याचे त्याला उमगले. घरात या बँडविषयी कधी बोलणेच झाले नव्हते. पुढे बॉबीच्या मुलांनी ती गाणी वाजवायला स्वतःचा बँड काढला. 2009मध्ये शिकागोच्या ड्रॅग सिटी या छोट्या कंपनीने 1975ची सातही गाणी प्रसिद्ध केली. रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडची पहिली रेकॉर्ड एप्रिल 1976ची. पंक संगीताचा इतिहास सहसा तिथून मोजतात, त्यामुळे डेट्रॉइटच्या या भावंडांना ‘पंकच्या आधीचे पंक’ असा किताब मिळाला. 1975 आणि 2009 या दोन तारखांमध्ये चौतीस वर्षे आहेत. त्या चौतीस वर्षांत टेपेवरचा एकही सूर बदलला नाही. मग 1990 साली, म्हणजे कुणालाच काही ठाऊक नसताना, ‘या टेपेत सामर्थ्य आहे’ हे वाक्य खरे होते का? की ते 2009मध्ये खरे झाले?

याच जातीच्या प्रश्नावर दहाव्या-अकराव्या शतकात बौद्ध आणि नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) यांच्यात कडाक्याचा वाद झाला, आणि दोन्ही पक्षांचे उदाहरण एकच होते: कोठारात पडलेले बी. विक्रमशीला विद्यापीठाच्या परंपरेतले बौद्ध आचार्य ज्ञानश्रीमित्र आणि त्यांचे शिष्य रत्नकीर्ती यांचा मुद्दा असा की, जे कार्य करते तेच खरे. कोठारातले बी अंकुर काढत नाही, शेतातले काढते. सामर्थ्य असूनही कार्य न करणे हा वदतोव्याघात. म्हणून कोठारातल्या बियाला अंकुराचे सामर्थ्य नाही, आणि शेतात अंकुरणारे बी हे खरे तर दुसरेच, त्या क्षणाचे बी आहे. पाणी आणि माती यांनी बियात काही भर घातली म्हणाल, तर अंकुर त्या भरीचा, बियाचा नव्हे. भर घातली नाही म्हणाल, तर त्यांची गरजच काय? या पेचाला मिथिलेच्या नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त उत्तर दिले. त्यांच्या मते सामर्थ्य या एका शब्दाखाली दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, स्वरूपानेच असलेली योग्यता. दुसरी, सगळी सहकारी कारणे जुळल्यावर प्रत्यक्ष फळ देणे. पहिली कोठारातल्या बियातही असते. दुसरी नसते, कारण माती, पाणी आणि ऊब तिथे नाहीत. दोन्ही एकच समजल्यामुळे सगळा पेच उभा राहतो. आणि व्यवहार उदयनांच्या बाजूने आहे: शेतकरी कोठारात बी साठवतो, खडे नाही. दोन्ही कोठारात सारखेच निपचित असतात, तरी त्याला फरक ठाऊक असतो, आणि तो फरक पेरणीच्या दिवशी निर्माण होत नाही.

डेट्रॉइटच्या टेपेला हा भेद लावला की बरेच काही मोकळे होते. योग्यता 1975मध्येच होती. फळ नव्हते, कारण सहकारी कारणे नव्हती. ती कोणती होती हेही सांगता येते, आणि त्यात गूढ काही नाही. मोटाउन या कंपनीमुळे डेट्रॉइट म्हणजे सोल संगीत असे समीकरण होते. ती कंपनी 1972मध्ये लॉस एंजेलिसला गेली तरी समीकरण टिकून राहिले. कृष्णवर्णीयांसाठी चालणारी रेडिओ केंद्रे सोल आणि फंक वाजवीत; रॉक वाजवणारी केंद्रे गोऱ्या श्रोत्यांची. काळ्या पोरांचे रॉक हे दोन्हीकडे परके. त्यात नाव असे की दुकानदाराने तबकडी हातात घेऊन बाजूला ठेवावी. म्हणजे रेकॉर्ड कंपनी, रेडिओ, दुकान, श्रोता ही साखळी प्रत्येक कडीशी तुटलेली होती. यांपैकी कुठल्याही कडीने त्या सात गाण्यांत एक सूर घातला वा काढला नसता, तरी कडी नसल्याने फळ आले नाही. बौद्धांचा पेच असा की मदतनीस काही भर घालत नसेल तर त्याची गरज काय. याला इथे साधे उत्तर मिळते: श्रोता गाण्यात भर घालत नाही, गाण्याचे कार्य त्याच्यात घडते. ऐकणारा नसेल तर ऐकले जाणेही नाही. श्रोता हा सहकारी कारणांपैकी एक आहे, ही गोष्ट पुढच्या युक्तिवादासाठी ध्यानात ठेवायला हवी.

पण योग्यता होती हे कशावरून? ‘पुढे फळ आले म्हणून’ हे उत्तर चालणार नाही. ते दिले तर आपण पुन्हा बौद्धांच्याच दारात जातो. योग्यता फळाशिवाय दाखवता आली पाहिजे, आणि ती दाखवायची जागा म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी. छोट्या तबकडीवर आलेले ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’ हे गाणे घ्या. सुमारे सहा मिनिटांचे हे गाणे धावते, पण घाईत नाही. बासची पळती ओळ आणि ड्रम एकमेकांना इतके चिकटून जातात की दोन वाद्ये एकाच हातात असल्यासारखी वाटतात. त्यावर गिटार सलग वाजत नाही. ती तुटक, कोरडे घाव घालते, आणि दोन घावांच्या मधल्या रिकाम्या जागेत गाण्याचा सगळा ताण साठतो. त्याच ध्वनिमुद्रणातले ‘लेट द वर्ल्ड टर्न’ मंद, जवळजवळ ध्यानस्थ चालीने सुरू होते आणि मग वेग घेते. वेग वाढवताना तोल न जाणे ही नवख्या वादकांना सहसा न साधणारी गोष्ट. तीन माणसे, तीन वाद्ये, आणि त्यांनी काय वाजवायचे नाही हे ठरवलेले आहे. फंकची घडण हातात मुरलेली, तरी तिची सुखद लय मुद्दाम मोडलेली. हे सगळे 1975च्या टेपेत आहे आणि कुणीही कान देऊन तपासावे असे आहे. यातला कुठलाही गुण रामोन्सच्या रेकॉर्डवर, संग्राहकांच्या बोलीवर किंवा शिकागोच्या कंपनीवर अवलंबून नाही.

इथे उलट टोकाची एक चूक टाळायला हवी. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो की कार्य कारणात आधीपासूनच असते. वाळूतून तेल निघत नाही, तिळातूनच निघते, कारण ते तिथे होतेच. ईश्वरकृष्णाने ‘सांख्यकारिके’च्या नवव्या कारिकेत यासाठी पाच कारणे दिली आहेत. रसिकाला हा वाद फार मोहात पाडतो. पहिल्या रेकॉर्डमध्ये सगळे भविष्य दडलेले होते, काळाने फक्त पाकळ्या उलगडल्या, असे म्हणणे कानाला गोड लागते. पण ते खरे नाही, आणि कोलकात्याच्या ‘मोहिनेर घोडागुली’ या बँडची कहाणी ते दाखवते. गौतम चट्टोपाध्याय यांच्याभोवती 1970च्या दशकाच्या मध्यावर जमलेल्या सात जणांचा हा बँड. नाव जीवनानंद दास यांच्या एका कवितेतले. बाउलांचे सूर, शहराची बोली आणि पाश्चात्त्य रॉक यांचा मेळ घालणारी त्यांची पहिली छोटी तबकडी 1977ची. मग 1978 आणि 1979मध्ये आणखी दोन. आधुनिक बंगाली गाण्याला सरावलेल्या श्रोत्यांना हे पचले नाही, आणि 1980च्या दशकाच्या आरंभी बँड संपला. 1995च्या कोलकाता पुस्तक मेळाव्यात ‘आबार बोछोर कुडि पोरे’ हा संग्रह आला तेव्हा बंगालीत बँडची लाट उठली. पण त्या संग्रहात गाणारे बरेचसे गळे नव्या पिढीचे होते. त्यातल्या ‘पृथिबीटा नाकि’ची चाल पुढे 2006च्या ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटात ‘भीगी भीगी’ होऊन देशभर गेली. 1977च्या तबकडीत हे सगळे आधीच भरलेले होते असे म्हणणे म्हणजे त्या नव्या गळ्यांचे श्रेय हिरावून घेणे. तबकडीत योग्यता होती. लाट तिच्यासह इतर अनेकांनी उठवली, आणि वेगळी माणसे आली असती तर लाटही वेगळी उठली असती. सामर्थ्य अनेक फळांचे असते. कुठले फळ यायचे हे त्यात लिहिलेले नसते, म्हणूनच ते ओळखणे म्हणजे भविष्य वाचणे नव्हे.

आता पहिला आणि सर्वांत जड आक्षेप. कुणी म्हणेल, ही दोन्ही उदाहरणे सापडलेल्यांची आहेत. ज्या टेपा पुसून त्यांवर दुसरे काही भरले गेले, ज्या पावसात भिजल्या, ज्या घर बदलताना रद्दीत गेल्या, त्यांचे काय? सापडलेल्या निवडक बँडवरून ‘सामर्थ्य टिकून राहते’ असा सिद्धान्त काढणे म्हणजे नवस करूनही बुडालेल्यांची गणतीच न करता नवसाला पावणाऱ्या देवाची महती गाणे. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या म्हणण्याला लागत नाही. सामर्थ्य टिकते किंवा शेवटी उजेडात येतेच, असे मी म्हणत नाही. तसा कुठलाही नियम नाही. उलट न सापडलेल्या टेपा माझ्या बाजूचा पुरावा आहेत. त्यांत काही चांगले होते हे कबूल असेल तरच त्यांचे हरवणे हे नुकसान ठरते. सापडल्याशिवाय सामर्थ्य नाहीच असे मानले तर काहीही कधी वाया गेले नाही, असे चमत्कारिक समाधान पदरात पडते. या आक्षेपाचाच दुसरा पदर असा की, पंक आधीच माहीत असल्यामुळे आपल्याला त्या टेपेत पंक ऐकू येते. यातले निम्मे खरे आहे. ‘पहिले’ असण्याचा मान नंतरच्या घटनांनी मिळतो. रामोन्स झाले नसते तर डेथ कुणाच्याच आधी ठरला नसता. तेवढा मान वजा करा. वजा केल्यावर जे उरते, ते तुटक घाव, रिकाम्या जागा आणि तोल, ते कुणाच्या आधीचे असल्यामुळे चांगले नाही. इतिहासातले स्थान आणि सामर्थ्य यांची गल्लत केल्याने डेथची कहाणी गोड होते, पण त्या सात गाण्यांवर अन्यायच होतो.

दुसरा आक्षेप श्रोत्यावर आहे. ओळख म्हणता, पण ओळखणारा बहुधा मित्र असतो, गल्लीतला असतो, कॉलेजातला असतो. आपल्या गावच्या बँडमध्ये सगळ्यांनाच सामर्थ्य दिसते. मग ही ओळख म्हणजे नुसता लोभच नव्हे काय? लोभ असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चुकीची ओळख शक्य आहे, म्हणजेच बरोबर ओळखही शक्य आहे. जिथे बरोबर-चूक काही नसते तिथे चुकण्याचीही सोय नसते. काश्मीरच्या शैव परंपरेतल्या उत्पलदेवांनी दहाव्या शतकात ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका’ लिहिली, आणि तिच्या शेवटाकडे एक दृष्टान्त दिला आहे. एखाद्या पुरुषाचे गुण ऐकून झुरणारी नायिका. तो पुरुष तिच्यासमोर येऊन उभा राहतो, पण तिला तो चारचौघांसारखाच वाटतो. ‘हाच तो’ ही ओळख पटेपर्यंत त्याचे समोर असणे तिच्या काही कामाचे नाही. ओळखीने त्याच्यात कणभरही बदल होत नाही, तरी ओळखीनंतर सगळेच बदलते. शैवांना यातून ईश्वराबद्दल बोलायचे होते, आपल्याला यातून एवढे घेता येते: ओळख वस्तूत भर घालत नाही आणि तरी ती निरर्थक नसते. आणि ओळखायला गुणांची आधी काही जाण लागते. नायिकेने गुण ऐकलेले होते. रेकॉर्डच्या बाबतीत ती जाण म्हणजे इतर पुष्कळ ऐकलेले असणे आणि जे ऐकू आले ते बोट ठेवून सांगता येणे. मित्राचा लोभ ‘मस्त आहे’ इथे थांबतो. ओळख ‘दुसऱ्या कडव्यानंतर गिटार गप्प बसते ते ऐक’ असे म्हणते, आणि ते वाक्य परक्या माणसाला तपासता येते. तपासता येणे हाच दोन्हींतला फरक, आणि तो पुरेसा आहे.

मीमांसकांनाही असाच एक पेच पडला होता, आणि त्याकडे पाहिल्यावर या ओळखीची जबाबदारी दिसू लागते. यज्ञ आज होतो आणि संपतो. स्वर्ग मेल्यानंतर मिळायचा. मधल्या काळात यज्ञ नाही आणि स्वर्गही नाही, मग कर्माला फळाशी जोडते कोण? कुमारिलभट्टांनी त्यासाठी ‘अपूर्व’ नावाची एक न दिसणारी शक्ती मानली. 1975चे वाजवणे संपले आणि 2009चे ऐकणे अजून यायचे होते, त्या चौतीस वर्षांत या दोहोंना जोडत होते कोण? इथे अदृष्टाची गरज नाही. जोडणारी गोष्ट होती लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर दिलेली प्लॅस्टिकची पट्टी, आणि ती पट्टी फेकून न देणारी माणसे. टेप ही काही अमर वस्तू नव्हे. सत्तरीच्या दशकातल्या बऱ्याच टेपांचा चिकटवणारा थर दमट हवेत ओलावा धरतो, पट्टी यंत्राच्या डोक्याला चिकटू लागते, आणि ती मंद उष्णतेत तासन् तास तापवल्यावर थोडा काळ वाजवण्याजोगी होते. तेवढ्या काळातच दुसरीकडे उतरवून घ्यायचे. म्हणजे कोठारातले बीही कुणीतरी राखावे लागते. महाराष्ट्राला हे नवे नाही. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ते उलगडले. ‘लीळाचरित्रा’तले गद्य त्या दिवशी थोर झाले नाही, ते तेराव्या शतकापासून तसेच होते. पण मठामठांतून पोथ्या नकलून ठेवणारे हात नसते, तर उलगडायला काही उरलेच नसते. अपूर्व मानायचेच असेल तर ते या हातांत मानावे.

तिसरा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत उदात्त दिसतो. गीतेने कर्मावर अधिकार सांगितला, फळावर नाही. ज्ञानदेवांनी तेच मराठीत घरोघरी पोचवले. बँडने वाजवले, आपले काम केले. फळ आले काय, न आले काय, खऱ्या साधकाला त्याचे सोयरसुतक नसावे. मग शोधून काढण्याची, दाद देण्याची, प्रसिद्ध करण्याची एवढी धडपड कशाला? डेव्हिड हॅकनीचे वागणे या उपदेशाशी जुळतेही. नाव बदलले असते तर करार झाला असता. जे त्याला सत्य वाटत होते ते सोडून फळ घेणे त्याने नाकारले. त्याला कुणी हट्टी म्हणेल, कुणी निष्ठावान. पण फळासाठी कर्म वाकवायचे नाही हे त्याने खरोखर पाळले. तरी या उपदेशाचा धनी कोण हे विसरून चालत नाही. फळाची आसक्ती सोडायला सांगितले आहे ते कर्त्याला, बाजूला उभे राहून बघणाऱ्याला नव्हे. कर्त्याने ‘मला फळ नको’ म्हणावे ही निःस्पृहता. श्रोत्याने ‘त्याला फळ नको’ म्हणावे ही बेपर्वाई. मजुराने मोबदल्याची आसक्ती सोडली म्हणून मालकाचे देणे फिटत नाही. शिवाय श्रोता हा सहकारी कारण आहे, म्हणजे ऐकणे हे त्याचेही कर्म आहे, आणि गीता त्याला ते टाळण्याची सूट देत नाही. फळावर अधिकार नाही म्हणून कर्म न करणे हाही मोहच, हे तिने त्याच श्लोकात बजावले आहे. रेडिओच्या निवेदकाने, दुकानदाराने, शेजाऱ्याने तबकडी वाजवून पाहायला हवी होती. त्यांच्याकडून जे राहिले ते डेव्हिडच्या वैराग्याने भरून निघत नाही.

एवढे मान्य केले तर पहिल्या रेकॉर्डकडे पाहण्याच्या रूढ पद्धतीत एक दोष दिसतो. ‘होतकरू’ म्हणून आपण पाठ थोपटतो तेव्हा नकळत त्या बँडला कर्जदार करतो. आज जे दिले ते उसने, खरी परतफेड दुसऱ्या-तिसऱ्या रेकॉर्डमध्ये करायची. ती झाली नाही तर पहिलीही बुडीत खात्यात. डेथने त्या नावाने दुसरे ध्वनिमुद्रण उजेडात आणण्याआधीच ते नाव सोडले होते. म्हणून त्यांची सात गाणी अर्धवट ठरत नाहीत. ती पूर्ण होती, आणि त्यांत पुढे जाण्याचीही ताकद होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. बी हे बी म्हणून पुरते असते, अपुरे झाड नसते. तेव्हा गावातल्या एखाद्या नव्या बँडची पहिली रेकॉर्ड हाती आली आणि तिच्यात काही ऐकू आले, तर पुढे काय होणार हा प्रश्न विचारण्याची गरज नाही. त्याचे उत्तर कुणाजवळच नसते आणि त्यावर काही अवलंबूनही नाही. काय ऐकू आले, कुठल्या जागी, आणि ते इतरांना कसे ऐकवता येईल, एवढेच विचारावे आणि ते उघडपणे, नाव-गाव घेऊन सांगावे. बँड पुढे फुटला तर सांगणाऱ्याला खजील व्हायचे कारण नाही, कारण त्याने भविष्याची हमी दिलीच नव्हती. दोष लागतो तो ऐकू येऊनही गप्प बसलेल्याला, कारण तिथे योग्यता होती, वेळ होती, आणि कमी पडला तो नेमका त्याच्या हातातला सहकार.